चिरेखाणीवर आलेली सोनोग्राफी

“मॅडम, एका माणसाने मला त्याची सोनोग्राफी पाठवलीय,” शितपकाका फोनवर म्हणाले. “म्हणतो, बघून सांगा, काढता येईल का.”

“काय काढता येईल का?”

“तेच तर मी तुम्हाला विचारतोय. सगळं काळंपांढरं आहे. मला वाटलं, साइटचा फोटो असेल. धुक्यात काढलेला.”

मी हातातला चहा खाली ठेवला. दिनकर शितप हे माझे क्लायंट. रत्नागिरीहून पावसकडे जाताना सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, त्यांची चिरेखाण आहे. चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला तांबडा ठोकळा. आमच्याकडची जुनी घरं, विहिरी, शाळेच्या भिंती, सगळं त्याचंच. काका अर्धं आयुष्य जमिनीतून चिरे काढून विकत आलेत. माणसाच्या पोटातून त्यांनी आजवर काही काढलेलं नव्हतं.

“फोटोबरोबर काही लिहिलंय का?” मी विचारलं.

“लिहिलंय ना. ‘लेफ्ट साइड, नऊ एमएम, अर्जंट.’ मला सांगा मॅडम, एवढा बारीक चिरा घेऊन हा माणूस बांधणार काय?”

माझं काम आधी सांगते. मी वेबसाइट बनवत नाही. बनलेली वेबसाइट लोकांना सापडावी, एवढंच बघते. त्याला एसईओ म्हणतात. तुम्ही गुगलवर काही शोधलंत की नावांची रांग येते. त्या रांगेत माझा क्लायंट वर दिसला पाहिजे. दुसऱ्या पानावर गेलेला क्लायंट असून नसल्यासारखा, कारण दुसऱ्या पानापर्यंत कोणी जात नाही. पुण्यात एका एजन्सीत मी हेच करायचे. नवऱ्याची बदली रत्नागिरीला झाली तेव्हा मारुती मंदिर भागात एक खोली घेतली आणि स्वतःचं सुरू केलं. माझे क्लायंट म्हणजे होमस्टे, आंबेवाले आणि आणखी होमस्टे. चिरेखाणवाले हे एकटेच.

सिमेंटचे ब्लॉक आल्यापासून त्यांचा माल कमी उठत होता. मुलगा मुंबईत नोकरीला. तो दर गणपतीत येऊन सांगायचा, बाबा, बंद करा ती खाण. काकांना ते पटत नव्हतं. पुण्या-मुंबईचे आर्किटेक्ट हल्ली हौसेने चिऱ्याची घरं बांधतात, हे त्यांनी ऐकलं होतं. “त्यांना आपण दिसत नाय, म्हणून ते आपल्याकडे येत नाय,” असा त्यांचा साधा हिशेब. हा एक सीझन बघायचा, नाहीतर पावसाळ्याला खाण मिटवायची ती कायमची, असं त्यांनी मुलाला कबूल केलं होतं.

पहिल्याच बैठकीत आमचा वाद झाला.

“आपण साइटवर ‘चिरा’ हा शब्द वापरू,” मी म्हटलं.

“चिरा आम्ही गावात बोलतो. पुण्याचा माणूस स्टोन म्हणतो. तुम्ही स्टोनच लिहा.”

“स्टोन फार मोघम आहे, काका. निदान जांभ्याचं इंग्रजी नाव, लॅटराइट तरी…”

“ते मला बोलता येत नाय. मला बोलता येत नाय ते माझ्या वेबसाइटवर नको.”

धंद्याचं नावही ‘सुलभा स्टोन सेंटर’. सुलभा म्हणजे काकी. खाण सुरू केली तेव्हा काकांनी हौसेने बोर्ड रंगवून घेतला होता आणि त्याबद्दल काही ऐकून घ्यायला ते तयार नव्हते. क्लायंटचा शब्द शेवटचा. मी स्टोन लिहिलं.

मग प्रश्नोत्तरांचं पान केलं. गुगलला प्रश्नोत्तरं आवडतात. लोक जे विचारतात तेच प्रश्न घालायचे आणि खाली साधी उत्तरं द्यायची. गिऱ्हाईकं काय विचारतात ते काकांनी सांगितलं, मी तसंच्या तसं उतरवलं. स्टोन काढायला किती वेळ लागतो? स्टोन कुठे आणि किती आहे त्यावर अवलंबून. स्टोन हाताने काढता की मशीनने? पूर्वी हाताने काढायचो, आता सगळं मशीनवर. पावसाळ्यात स्टोन काढता का? नाही, पावसाळ्याआधी येऊन जावे. स्टोन मध्येच फुटला तर? काळजी नसावी, जबाबदारी आमची.

वाचताना मला काही खटकलं नाही. डोळ्यांसमोर चिरेखाण असली की खटकत नाही. गुगलच्या डोळ्यांसमोर चिरेखाण नव्हती.

पाऊस गेला, खाणी सुरू झाल्या आणि आमची साइट वर सरकायला लागली. इतक्या झपाट्याने की मलाच नवल वाटलं. काका खूश. ‘फोन सारखा वाजतोय’ म्हणून ते मला आठवड्यातून दोनदा कळवायचे. ऑर्डर मात्र एकही नव्हती. “चौकशी करतात आणि विचार करून सांगतो म्हणतात,” हे त्यांचं नेहमीचं पालुपद.

सोनोग्राफी आली तेव्हा मी म्हटलं, “काका, लोक नक्की काय बोलतात ते मला एकदा शब्दाला शब्द सांगा.”

खाणीवर रेंज नाही, म्हणून वेबसाइटवर घरच्या मोबाइलचा नंबर दिला होता. काका संध्याकाळी घरी आले की फोन घ्यायचे. आदल्याच दिवशीचा फोन त्यांना आठवत होता.

त्या माणसाने विचारलं होतं, “स्टोन सेंटर ना? ऑपरेशन तुम्ही स्वतः करता?”

काका म्हणाले, “आता वय झालं. ऑपरेट करायला माणसं ठेवलीत.”

“लेझरने?”

“छे, ब्लेडने.”

पलीकडचा माणूस म्हणाला, “भूल असते ना?”

काकांना ‘धूळ’ ऐकू आलं. “असणारच हो, त्याशिवाय काम होतंय कुठे! जास्त झाली तर वरून पाणी मारतो.”

“आणि घरी कधी सोडता?”

“सकाळी गाडीत भरला की दुपारपर्यंत घरपोच.”

“मग तो विचार करून सांगतो म्हटलान आणि फोन ठेवलान,” काका मला म्हणाले. “माझं काही चुकलं का?”

“नाही काका. तुम्ही सगळं खरंच सांगितलंत.”

मी रिपोर्ट उघडला. कोणते शब्द टाइप करून लोक आपल्या साइटवर पोचले, हे त्यात दिसतं. बांधकामाचा एकही शब्द नव्हता. स्टोन विदाउट ऑपरेशन. स्टोन काढण्याचा खर्च. मुतखडा तज्ज्ञ रत्नागिरी. लघवीला जळजळ. आपलं नाव सगळीकडे वर.

यात गुगलचा फारसा दोष नव्हता. आपल्याकडे मुतखड्याला कोणी मुतखडा म्हणत नाही, ‘त्याला स्टोन झालाय’ असंच म्हणतात. स्टोन सेंटर म्हणजे दवाखाना. तिथे स्टोन मशीनने काढतात, किती वेळ लागेल ते स्टोन कुठे आहे त्यावर ठरतं, आणि फुटला तर जबाबदारी घेतात. इतका प्रामाणिक दवाखाना दुसरा नसेल. गुगलने त्याला वर नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी गेले. काका खाणीवर होते. काकी पडवीत बसून फोनवर बोलत होत्या. मला हाताने ‘बस’ म्हणून खूण केली.

“कुळीथ धुवून घे, हां. मग शिजत टाक. वरचं पाणी काढ, तेच कढण. मीठ कमी. आणि घाबरू नको रे बाबा, माझ्या भावाला झालेला, तो आज मुलीच्या लग्नात नाचला.”

फोन ठेवून त्या म्हणाल्या, “खेडचा होता. बिचारा कळवळत होता.”

“काकी, तुम्हाला माहीत होतं? हे फोन मुतखड्याचे आहेत म्हणून?”

“पहिल्या फोनलाच कळला. बाई रडत होती. चिऱ्यासाठी कोण रडतं गो?”

“मग काकांना सांगितलं नाहीत?”

“ते घरी आले की एकच विचारतात, ऑर्डर आली का. ऑर्डर नव्हती. मग काय सांगू?”

दिवसभर फोन काकींकडे असायचा आणि दिवसभर त्या लोकांना कुळथाचं कढण सांगत होत्या. संध्याकाळच्या पाळीला काका ब्लेड आणि धूळ सांगत होते. एकाच नंबरवर दोन तऱ्हेचे उपचार चालले होते.

मी त्यांच्यासमोरच गुगलवरचे रिव्ह्यू उघडले. गिऱ्हाईकं जे चांगलंवाईट लिहितात ते रिव्ह्यू. कुणी लिहिलं होतं, ‘स्टोन पडला. काकींचा स्वभाव अतिशय प्रेमळ. पाच स्टार.’ कुणी लिहिलं होतं, ‘फोनवरच बरे वाटले.’ एकाने काकांशी बोलून लिहिलं असणार: ‘पद्धत जुनी आहे, पण माणूस खरे सांगतो. तीन स्टार.’

काकींनी ते मला दोनदा वाचायला लावलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की पुढचं बोलायला मला जड गेलं. तेवढ्यात मला स्क्रीनवर वरचं दिसलं. मॅपवर प्रत्येक धंद्याच्या नावाखाली त्याचा प्रकार लिहिलेला असतो: हॉटेल, किराणा, गॅरेज. हा प्रकार चुकलाय, बदला, असं कोणीही गुगलला सुचवू शकतं. पुष्कळांनी सुचवलं की गुगल ऐकतं. आमच्याकडे फोन करणाऱ्या लोकांनी सुचवलं होतं. फोटोत काका उघड्या खाणीपुढे, डोक्याला टॉवेल गुंडाळून, खांद्यावर चिरा घेऊन उभे होते. आणि खाली लिहिलं होतं: मूत्ररोगतज्ज्ञ.

संध्याकाळी काकांनी ते चष्मा लावून वाचलं. मग चष्मा काढून वाचलं.

“हे कोणी केलान?”

“लोकांनी.”

“मला न विचारता?” ते फोटोकडे बघत म्हणाले, “माझ्या बापाची इच्छा होती, मी मास्तर व्हावं. तेसुद्धा जमलं नव्हतं.”

मी त्यांना नीट सांगितलं. हे थांबवायला हवं. साइटवरचा स्टोन हा शब्द काढायचा, नाव बदलायचं, चिरेखाण म्हणून स्वच्छ लिहायचं.

“नाव बदलणार नाय. हिचं नाव आहे ते.”

“काकींचं नाव राहू दे. फक्त मधला स्टोन काढू.”

“म्हणजे ‘सुलभा सेंटर’?” काका म्हणाले. “मग लोक भलत्याच कामासाठी येतील. आणि घाईत असतील.”

सुलभ शौचालय माझ्याही डोळ्यांसमोर आलं. त्या दिवशी मी एवढंच केलं, की मॅपवरचा प्रकार बदलून पुन्हा दगडांचा पुरवठादार केला. चार दिवसांत लोकांनी तो परत मूत्ररोगतज्ज्ञ केला. मी पुन्हा बदलला. त्यांनी पुन्हा केला. काकींनी फोन घेणं थांबवावं असंही मी सांगून आले होते. त्या ‘हो’ म्हणाल्या. कोकणातल्या ‘हो’ला मी अजून सरावलेली नव्हते.

खरं सांगायचं तर तोवर मला ही सगळी गंमतच वाटत होती. पुण्याच्या जुन्या सहकाऱ्यांना मी हे फोन करून करून सांगत होते.

मग मी खाणीचे फोटो काढायला गेले. साइटवर भरपूर दगड दिसले तर गुगलच्या डोक्यात प्रकाश पडेल, हा विचार. खाण म्हणजे सड्यात कापत नेलेला मोठा चौकोनी खड्डा. भिंती गुळगुळीत, तांबड्या. तळाशी मशीन रुळांवरून पुढेमागे जात दगडात रेघा ओढतं, आणि त्या आवाजात बाजूच्या माणसाचंही ऐकू येत नाही. मी काठावरून फोटो घेत होते आणि एक रिक्षा धुरळा उडवत येऊन थांबली.

रिक्षावाला आधीच हात वर करून उतरला. “मी सांगत होतो, तिकडे खाण आहे म्हणून. वहिनी ऐकत नाहीत. मॅप दाखवतोय म्हणतात.”

मागून तिशीतली एक बाई उतरली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल. तिने नवऱ्याला धरून उतरवलं. भर उन्हात तो स्वेटर घालून कुडकुडत होता.

“डॉक्टर कुठे बसतात?” तिने मला विचारलं.

मी खाली काकांना हात केला. तिने आजूबाजूला पाहिलं. चिऱ्यांचे ढीग, लाल धूळ, एक ट्रक. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला समजलंय आणि तिला ते समजून घ्यायचं नाहीये. शहरातले दवाखाने लांब, मोकळ्या जागेत असतात, अशी काहीतरी ती स्वतःची समजूत घालत असावी.

काकांनी हाताने खूण करून मशीन बंद करायला लावलं आणि वर आले. सगळीकडे एकदम शांत झालं.

“वहिनी,” ते म्हणाले, “इथे माणसांचे नाय काढत. इथे जमिनीतले काढतात.”

“पण मी फोनवर बोललेय. मॅडमनी कढण सांगितलं होतं.” ती देवरूखकडची होती. नाव अंकिता, नवरा महेश. “मी रोज देतेय. आधी बरं वाटलं. कालपासून ताप उतरत नाही, लघवी होत नाही. म्हटलं, आता सेंटरलाच घेऊन जावं.”

महेश एका चिऱ्यावर बसला होता. बसला म्हणण्यापेक्षा टेकला होता. काकांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मग त्याला काखेत धरून उठवलं, आपल्या जीपमध्ये मागच्या सीटवर आडवं केलं आणि मला म्हणाले, “मॅडम, पुढे बसा. डॉक्टर शोधा.”

सड्यावर रेंज नव्हती. आम्ही उतरणीला लागलो तेव्हा फोनला दोन काड्या आल्या. मी टाइप केलं: किडनी स्टोन डॉक्टर, रत्नागिरी. पान उघडलं.

पहिलं नाव: सुलभा स्टोन सेंटर. आता उघडे आहे.

मी आयुष्यात अनेकांना पहिल्या नंबरवर नेलंय. तो नंबर मला नकोसा झाला तो तेव्हाच. मागे अंकिता नवऱ्याला ‘आलं हां, आलंच’ म्हणत होती. मी पान खाली सरकवलं, दुसरं नाव एका हॉस्पिटलचं होतं, तिथे फोन लावला. “पेशंटला ताप आहे?” पलीकडून विचारलं. आहे म्हटल्यावर म्हणाले, “कुठेही थांबू नका, थेट या.”

काकांनी जीप अशी हाकली की वाटेतल्या एसटीने आम्हाला बाजू दिली.

खडा मूत्रनळीत अडकून बसला होता. मागे लघवी तुंबली होती आणि त्यात जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं आणि वाट मोकळी करायला नळी घातली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. काकांच्या कपड्यांवरची लाल धूळ हॉस्पिटलच्या पांढऱ्या फरशीवर पडत होती आणि ते ती पायाने बाकाखाली लोटत होते.

बऱ्याच वेळाने डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. महेश वाचला होता, किडनीही वाचली होती. अंकिता तिथेच जमिनीवर बसून रडली. मग मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“स्टोन सेंटर कोणाचं?”

काकांनी शाळेतल्यासारखं बोट वर केलं.

“शिक्षण?”

“जुनी मॅट्रिक. गणित राहिलं.”

“आणि तुम्ही स्टोन काढता.”

“काढतो, मॅडम. चौदाचासुद्धा काढतो.”

“चौदा एमएम?”

“इंच.”

डॉक्टर मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी घाईघाईने मध्ये पडले आणि सगळं सांगितलं: स्टोन, बोर्ड, प्रश्नोत्तरं, कढण. त्या ऐकून घेत होत्या. हसू येत होतं की राग, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

“कुळथाचं कढण प्यायला माझी हरकत नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “माझी आईसुद्धा देते. पण स्टोन आणि ताप एकत्र आले की घरी थांबायचं नसतं. लघवी बंद झाली तर नाहीच नाही. किडनी जाते, वेळ गेली तर माणूस जातो. हा आणखी थोडा उशिरा आला असता तर मी तुमच्याशी असं बोलत नसते. त्या फोनवरच्या बाईंना सांगा.”

काकांनी मान खाली घातली. मीही घातली.

“आणि माझ्याकडे अलीकडे पेशंट का येईनासे झालेत, तेही आज कळलं,” त्या पुढे म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “यांना माझ्या वर तुम्हीच आणलंत?”

“हो.”

“कार्ड आहे?”

मी कार्ड दिलं. आजवर मला कुणी इतक्या रागाने काम दिलेलं नाही.

संध्याकाळी आम्ही काकींना सांगितलं. त्या उठून आत गेल्या, तांदळाची मऊ पेज केली, डबा भरला आणि म्हणाल्या, “मला हॉस्पिटलात न्या.” तिथे अंकिताजवळ जाऊन बसल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. अंकिताने त्यांना आवाजावरून ओळखलं आणि त्यांचा हात धरला, एवढं मी दारातून पाहिलं. रागावली असती तर काकींना सोपं गेलं असतं, असं मला वाटलं.

परत येताना जीपमध्ये काकी म्हणाल्या, “बाय, माझ्या नावापुढचा तो स्टोन काढून टाक.”

“काढते.”

“फोनही नको आता.” थोड्या वेळाने बाहेर बघत म्हणाल्या, “इतकी वर्षं बोर्डावर नाव माझं. पण येणारा प्रत्येक जण ह्यांना विचारायचा. मला विचारणारे फोन पहिल्यांदाच आले गो.”

काका गाडी चालवत होते. घाटी चढून वर आल्यावर म्हणाले, “फोन तूच घे. चिऱ्याचे.”

“मला त्यातलं काय कळतंय?”

“मुतखड्यातलं तरी काय कळत होतं?”

काकी हसल्या नाहीत, पण पदर सावरून सरळ बसल्या.

त्याच आठवड्यात बोर्ड उतरवून रंगवायला दिला: ‘सुलभा चिरेखाण’. साइटवरून मी स्टोन वेचून वेचून काढला. जिथे इंग्रजी लागत होतं तिथे लॅटराइट लिहिलं; काकांनी तो शब्द आठवडाभर म्हणून पाठ केला. प्रश्नोत्तरांत आता भिंत, पाया, गाडी, ट्रक असे शब्द आले. जुने रिव्ह्यू काढून टाका म्हणून गुगलला कळवलं. ‘फोनवरच बरे वाटले’ तेवढा राहिला, कारण तो नियमात बसतो म्हणे. डॉक्टर मॅडमच्या साइटचं कामही सुरू केलं. गुगल सावकाश विसरतं, पण विसरतं. हळूहळू मॅडम वर गेल्या आणि आम्ही त्यांच्या वाटेतून बाजूला झालो.

रिपोर्टमधली रेघ धाडकन खाली आली. काका अस्वस्थ. “मॅडम, आधी एवढी माणसं येत होती!”

“ती तुमची नव्हती, काका.”

“तरी पण येत होती.”

मधूनमधून अजून एखादा चुकलेला फोन यायचा. काकी कढणाचं नावही घ्यायच्या नाहीत. “ताप आहे का? लघवी होते का? आधी डॉक्टरकडे जा, मग मला फोन करून सांग काय झाला ते,” एवढंच. लोक खरंच परत फोन करून सांगायचे.

मग एक दिवस पुण्याहून एका आर्किटेक्ट बाईंचा फोन आला. गुहागरला एका कुटुंबाचं घर बांधायचं होतं, चिऱ्याचं. गुगलवर चिरा शोधला तर सुलभा चिरेखाण दिसली. काका बाजूला उभे राहून ‘भाव सांग, भाव सांग’ अशा खुणा करत होते. काकींनी त्यांच्याकडे पाठ केली.

“घरात राहणार कोण? म्हातारी माणसं आहेत का? मग पडवी मोठी ठेवा आणि पायऱ्या उंच नको, बसक्या ठेवा. सांधे नीट जुळले तर चिऱ्याला गिलावा लागत नाय, पण तसे निवडून घ्यावे लागतात. मी ह्यांना निवडायला सांगते.”

आर्किटेक्ट बाई खाण बघायला आल्या त्या काकींना भेटायलाच. ऑर्डर दिली. मग त्यांच्या ओळखीतल्या आणखी दोघांनी दिली. मे महिन्यात मुलगा आला तेव्हा ट्रक भरत होते आणि काकी पडवीतून कोणालातरी ‘थांबावं लागेल’ म्हणून सांगत होत्या. त्याने खाण बंद करायचा विषय काढला नाही. पावसाळ्याला खाण मिटली ती दरवर्षीसारखी, पुढच्या सीझनपर्यंत.

महेश बरा आहे. खडा नंतर डॉक्टर मॅडमनी काढला.

या प्रकरणानंतर माझ्या कामात एकच फरक पडला. नवीन क्लायंट आला की पूर्वी मी विचारायचे, तुम्हाला कोणत्या शब्दावर वर यायचंय. आता विचारते, हा शब्द तुमच्याशिवाय आणखी कोण वापरतं. बहुतेक क्लायंट म्हणतात, कोणीच नाही. मी तरी टाइप करून बघते.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले. जेटी आणि पूल बांधताना समुद्रात खोल खांब ठोकावे लागतात, त्याचे ते कॉन्ट्रॅक्टर. त्या खांबांना त्यांच्या धंद्यात पाइल म्हणतात. गुगलवर पहिला नंबर हवा, म्हणाले, आणि अभिमानाने कार्ड पुढे केलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘पाइल्स स्पेशालिस्ट. कितीही खोल, खात्रीशीर काम.’

मी त्यांना आधी बसायला सांगितलं.